उजव्या मागच्या चाकाचा आवाज

गाडीच्या मागच्या ॲक्सलचा, म्हणजे चाकांच्या आसाचा, आवाज एकट्या माणसाला शोधता येत नाही. एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने मागच्या सीटवर बसून ऐकायचं, अशी त्याची रीत आहे. चालवणाऱ्याच्या कानावर इंजिन असतं, वारा असतो, समोरून येणाऱ्या एसटीचा भोंगा असतो. मागे काय कुरकुरतंय ते मागे बसणाऱ्यालाच कळतं. माझे वडील त्यासाठी मला मागे बसवायचे. सातवी-आठवीत असताना गाडीच्या पोटात कुठे काय दुखू शकतं, हे मला शाळेतल्या शरीरशास्त्रापेक्षा जास्त ठाऊक होतं. वडील जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि गाडी मीच चालवते.

गाडी म्हणजे मुंबईत पूर्वी काळ्या-पिवळ्या टॅक्स्या असायच्या त्याच घाटाची, पण त्याहून जुनी, पांढरी, गोल पाठीची. आता लोक तिला 'विंटेज' म्हणतात. काशीदला निघालेली मुंबईची मंडळी मधेच थांबून तिच्यासोबत फोटो काढतात, आणि मला न विचारता बॉनेटवर हात ठेवतात. मला त्याचा भयंकर राग येतो. मी काही ती लग्नात नवरदेवाला बसवायला ठेवलेली नाही. मी तिच्यातून भाजी आणते, बँकेत जाते, अलिबागला दातांच्या डॉक्टरकडे जाते. रेवदंड्याच्या अलीकडे आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. रिक्षा हवी तर पंधरा मिनिटं चालत हमरस्त्याला यावं लागतं, आणि माझे गुडघे आता पंधरा मिनिटांच्या लायकीचे राहिलेले नाहीत. थोडक्यात, गाडी आहे म्हणून मी इथे आहे.

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. लग्न केलं नाही. आधी लोक त्याचं कारण विचारायचे, आता विचारत नाहीत. एक भाऊ होता, तो पुण्याला असायचा, तोही गेला. त्याची मुलगी, माझी भाची, दर रविवारी सकाळी फोन करते. गेली दोन वर्षं तिची एकच टेप आहे: "आत्या, तू इकडे ये. पूर्वेची खिडकी असलेली खोली तुझ्यासाठी ठेवलीय मी." मी दर रविवारी नाही म्हणते. एकदा ती फारच मागे लागली तेव्हा मी चिडून म्हणाले, "ही गाडी चालते तोवर मी कुठेही येत नाही. गाडी मेली की बघू."

"शब्द?" ती म्हणाली.

"शब्द."

अगदी भावासारखी आहे, शब्दात धरते.

दिवाळी संपून आठवडा झाला असेल. अलिबागहून परत येताना नागावच्या पुढे गाडीने मागून एक सूर लावला. चाळीसच्या खाली काही नाही. चाळीसच्या वर गेलं की घुंऽऽ, जात्यावर कुणीतरी दळायला बसल्यासारखं. मी आधी रस्त्याला दोष दिला, मग टायरला. टायरमध्ये हवा भरून घेतली. घरघर होती तिथेच होती, आणि रोज थोडी वाढत होती.

अशा घरघरीची दोनच कारणं असतात. एक म्हणजे चाकाजवळचं बेअरिंग, छऱ्यांच्या ज्या कड्यावर चाक फिरतं ते. ते गेलं तर बदलता येतं. मुंबईत अजून मिळतं. दुसरं म्हणजे दोन्ही चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो त्याच्या आतले दाते. ते झिजले तर संपलं. या गाडीचे दाते आता कुठे मिळत नाहीत. मिळालेच तर दुसऱ्या एखाद्या मेलेल्या गाडीचे, आणि तेही कण्हणारे. म्हणजे बेअरिंग असेल तर मी इथे, आणि दाते असतील तर मी पुण्याला. इतकं सोपं समीकरण मी पाचवीच्या चाचणीतसुद्धा घातलं नसतं.

थळच्या बाजूला एक गॅरेजवाला आहे, जुन्या गाड्यांचा जाणकार म्हणून लोक त्याचं नाव घेतात. त्याच्याकडे गेले. तो गाडीत बसला नाही, गाडी वर उचलली नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "बाई, गोळा गेला. आता कशाला जीव लावता? कुणीतरी रिसॉर्टवाला घेईल, दारात ठेवील शोभेला."

"तुम्ही ऐकलंत तरी का?" मी विचारलं.

"पंचवीस वर्षांचा अनुभव आहे बाई."

"अनुभव कानाला असावा लागतो, तोंडाला नाही," असं म्हणून मी दार आपटलं आणि निघाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा माणसांना मी वर्गात बाकावर उभं करत असे. पण घरी येईपर्यंत ती घरघर ऐकत आले, आणि मनात म्हटलं, बरोबर असला तर?

मग मी एकटीनेच परीक्षा घ्यायची ठरवलं. वडिलांची पद्धत मला पाठ होती. सपाट रस्त्यावर गाडी पन्नासला न्यायची आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. पाय काढल्यावर आवाजाचा सूर बदलला तर दोष दात्यांचा. सूर तसाच राहिला, पण गाडी डावी-उजवीकडे झुलवल्यावर बदलला, तर दोष चाकाचा. ऐकायला सोपं आहे. पण पाय काढला की माझं लक्ष रस्त्याकडे, गाडी झुलवली की समोरच्या रिक्षाकडे. तीन दिवस मी हा खेळ केला. एकदा वाटायचं सूर बदलला, एकदा वाटायचं माझंच डोकं बदललं.

चौथ्या दिवशी मला युक्ती सुचली. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, मोबाइल टॉवेलात गुंडाळला आणि मागच्या डिकीत ठेवला. ज्या मागच्या माणसाची उणीव होती तो माणूस म्हणजे मोबाइल. स्वतःवर खूश होत मी चौलच्या रस्त्याने फिरून आले, घरी येऊन जेवणाच्या टेबलावर बसले, वही-पेन्सिल घेतली आणि रेकॉर्डिंग लावलं.

घरघर आली. आणि घरघरीच्या वर एका बाईचा आवाज आला. मला क्षणभर वाटलं रेडिओ असेल. या गाडीला रेडिओ नाही.

ती बाई म्हणत होती, "बघ, इथला खड्डा बुजवला वाटतं." मग, "आज काय करायचं? कालचं पिठलं आहे, तेच खाऊ." मग बराच वेळ कुणावर तरी चिडून, "नाही, तू काहीही म्हण, मी त्या दुकानात पाऊल टाकणार नाही." मग हसली. सबंध चाळीस मिनिटं ती बाई बोलत होती. गियर बदलताना थांबायची तेवढीच.

मी बोलते, हे मला माहीत नव्हतं. गुणगुणणं वेगळं, पुटपुटणं वेगळं. हे चक्क बोलणं होतं, समोर माणूस असावा तसं, मधे त्याच्या उत्तरासाठी जागा सोडून. तो 'तू' कोण, हेही मला सांगता येत नाही. वडिलांना मी कधी एकेरी हाक मारली नाही. मला इतकी लाज वाटली की आपल्याच घरात मी उठून दार लावून घेतलं. मग ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. दाते की बेअरिंग, ते त्यातून कळलं नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीण आली. ती गेली कित्येक वर्षं रेवदंड्याहून टोपली घेऊन आमच्या आळीत येते. कोळणीच्या तोंडी कुणालाही 'अहो' नसतं, कलेक्टर आला तरी तो 'तू'च. तिने बोंबलांवरचं फडकं बाजूला केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय गो बाई, तोंड असा का केलायस? कोन मेला?"

"गाडी मरायला टेकलीय."

"मंग डाक्तर बोलव."

"डॉक्टर म्हणतो मेलीच. पण त्याने नाडीसुद्धा पाहिली नाही. मला मागे बसून आवाज ऐकणारं माणूस हवंय, आणि तसं माणूस माझ्याकडे नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून जरा जास्तच जोरात निघालं. ती बोंबील मोजायची थांबली.

"माझे म्हाताऱ्याला ने," ती म्हणाली.

"अगं, त्याला तर ऐकू येत नाही."

"माझा बोलना ऐकू येत न्हाय. मशीनचा येते. तीस वरसं मशीनसोबत संसार केलान त्याने, माझेसोबत न्हाय." आणि ती आपल्याच बोलण्यावर खदखदून हसली.

तिचा नवरा होड्यांवर इंजिन चालवायचा. डिझेल इंजिनाच्या खोलीत आयुष्य गेलं की कान जातात, किनाऱ्यावर असे कितीतरी आहेत. पण कान गेले म्हणून काम सोडून चालत नाही, म्हणून ही मंडळी दातांनी ऐकायला शिकतात. एक काठी घ्यायची, तिचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं दातांत धरायचं. आवाज हाडातून आत येतो. बंदरावरची इंजिनं आजही लोक त्याच्याकडून ऐकवून घेतात, असं ती सांगत होती. मी ते पूर्वीही ऐकलं होतं, आणि थाप समजून सोडून दिलं होतं.

तो दुसऱ्याच दिवशी आला. काटकुळा, इस्त्रीचा शर्ट, हातात गुळगुळीत झालेली शिसवी काठी. तिच्या एका टोकाला दातांचे चांगले खोल खळगे पडले होते. त्याने मला नमस्कार केला, गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटची गादी उचलून बाहेर ठेवली आणि उघड्या पत्र्यावर मांडी घालून बसला. काठीचं एक टोक ॲक्सलच्या वरच्या पत्र्यावर, दुसरं तोंडात. तोंडात काठी असल्यावर बोलणार कसं, म्हणून त्याने आधीच खुणा ठरवून दिल्या. खांद्यावर एक थाप म्हणजे वेग वाढव. दोन थापा म्हणजे पाय काढ. डावा खांदा म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे.

आम्ही रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदच्या रस्त्याला लागलो. तिथे रस्ता बरा आहे. माझ्या खांद्यावर थापा पडत होत्या आणि मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी गाडी पळवत होते, थांबवत होते, झुलवत होते. मागून येणाऱ्या एका मोठ्या गाडीने हॉर्न वाजवून मला शिव्या घातल्या. मी पण घातल्या.

आणि मी बोलायला लागले. या खेपेला मला माहीत होतं की मी बोलते आहे. मागे माणूस होता, आणि त्याला एक शब्द ऐकू येत नव्हता. इतकी सोय मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. मी त्याला सांगितलं की दुपारचे चार वाजले की मला भीती वाटते, कारण चारपासून रात्रीच्या जेवणापर्यंत काय करायचं ते मला सुचत नाही. मी त्याला सांगितलं की कधीकधी काही काम नसताना मी रेवदंड्याच्या बंदरावर येते आणि होड्या मोजून परत जाते. वाडीतल्या गड्याशी मी मुद्दाम भांडण काढते, कारण भांडण निदान अर्धा तास चालतं, हेही सांगितलं. खांद्यावर थाप पडली की मी पाय काढायचे, आणि पुढचं सांगायचे.

काशीदला सुरूच्या झाडांखाली गाडी थांबवली. त्याने तोंडातून काठी काढली, शर्टाच्या बाहीला पुसली, आणि बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात, शेजारच्या शहाळेवाल्यानेही वळून पाहावं अशा आवाजात निकाल दिला.

"गियर बरा हाय. उजवे चाकाचा बेरिंग गेलाय. गाडी डावीकरं वलली का वझा उजवे चाकावर येतो, तवाच वराडतंय."

गियर, म्हणजे दाते, शाबूत. गणित चोख होतं. डावीकडे वळताना भार उजवीकडे जातो. पाय काढल्यावर सूर बदलत नव्हता, झुलवल्यावर बदलत होता. म्हणजे बेअरिंग. म्हणजे गाडी जगणार. म्हणजे मी इथेच.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या सुरूच्या झाडाखाली उभी असताना मला कळलं की गेले पंधरा दिवस मी दात्यांची वाट पाहत होते. गाडी मरायला हवी होती. ती मेली असती तर सुंठीवाचून खोकला गेला असता. मी पुण्याला गेले असते, आणि कुणापुढे मान न वाकवता गेले असते. काय करणार, शब्द दिला होता, गाडी गेली, असं म्हणत, जरा कुरकुरत, नाक वर करून. मला तिथे यायचं आहे, असं सांगण्याची वेळ माझ्यावर आली नसती. तो बिचारा माझ्या तोंडाकडे पाहत होता, बाई खूश होतील म्हणून. मी हसून मान डोलावली.

आणि त्या रविवारी मी काय केलं? भाचीचा फोन आल्याबरोबर, तिने काही विचारायच्या आत म्हणाले, "बेअरिंग आहे! नुसतं बेअरिंग! शब्द म्हणजे शब्द."

ती म्हणाली, "बरं आत्या. जिंकलीस." मग तिने हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि फोन ठेवला. मला जिंकायची सवय आहे. हरण्यात फायदा असला तरी मी जिंकते, असा माझा स्वभाव.

बेअरिंग मुंबईहून यायला दहा-बारा दिवस लागले. ते आल्यावर इंजिनवाला सकाळीच आला, आणि आमच्या अंगणात आम्ही दोघांनी काम काढलं. गाडी जॅकवर चढवली, खाली जांभे दगड रचले. चाक उतरवलं, ब्रेकचा ड्रम उतरवला. आतला शाफ्ट, म्हणजे चाकाला जोडलेला दांडा, बाहेर ओढायचा तर खास अवजार लागतं. ते आमच्याकडे नव्हतं. त्याने ड्रमच उलटा चढवला, नट सैल ठेवले आणि ड्रम दोन्ही हातांनी धरून हिसके दिले. चौथ्या हिसक्याला शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर आला, आणि त्याच्यासोबत विटकरी रंगाचा चिखल.

बेअरिंग हातात फिरवलं तर कर्रकर्र वाजलं. छऱ्यांवर गंजाचे खड्डे. त्याने तो चिखल बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"खारा," तो म्हणाला. "दर्यात कनाला नेलीस?"

कशाला नेली, ते त्याला तोंडाने सांगून उपयोग नव्हता. मी नाकापाशी हात नेऊन सोंड करून दाखवली, मग समुद्राकडे बोट केलं. तो समजला.

शेजारच्या वाडीतली मंडळी मुंबईला असतात, गणपतीला तेवढी येतात. त्यांचा पाच दिवसांचा गणपती माझ्या गाडीतून समुद्रावर जातो. वाळूवरून गाडी मागे मागे न्यायची, अगदी लाटेपर्यंत, म्हणजे मूर्ती उतरवायला सोपं जातं. पुढची चाकं कोरडी राहतात, मागची मात्र खाऱ्या पाण्यात उभी. गावाबाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल, पण इथे सगळे तसंच करतात, टेम्पोवालेसुद्धा. वडिलांचा नियम होता की समुद्रावरून आल्यावर आपण पाणी प्यायच्या आधी चाकांना चार बादल्या विहिरीचं पाणी. तो नियम मी एकदाही मोडला नव्हता.

या वर्षी मोडला. दर वर्षी ती मंडळी मला फाटकापाशीच प्रसाद देतात, आभार मानतात, मी घरी येते. या वर्षी त्यांच्या घरी नवी सून होती. पाटावर समुद्राची वाळू घेऊन परत आलो तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, आत या ना. आरतीला थांबा." मी दोन मिनिटं म्हणून गेले. आरती झाली, वाटली डाळ झाली, मग जेवायला बसले, मग त्यांनी मला जुन्या गोष्टी विचारल्या आणि मी सांगितल्या. सून पुन्हापुन्हा हसत होती. परत आले तेव्हा मी इतकी खूश होते की बादल्यांची आठवणच झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फाटकाला कुलूप. मला कणकण आली, आठ दिवस मी गाडीकडे फिरकलेही नाही, आणि ते खारं पाणी जुन्या रबरी सीलमधून आत शिरून आपलं काम करत राहिलं.

यातलं सोंड आणि समुद्र एवढंच मी त्याला सांगू शकले. बाकीचं त्याने विचारलं नाही.

"देवाला बराबर सोडलास ना?" तो म्हणाला. "मंग झालं."

बेअरिंग शाफ्टवर एका लोखंडी कड्याने घट्ट धरलेलं असतं. जुनं कडं त्याने छिन्नीने फोडलं. नवं बसवायचं तर ते तापवून फुगवावं लागतं, आणि तेही सारखं तापलं पाहिजे, म्हणून तेलात. मी स्वयंपाकघरातून वड्यांची कढई आणली, अंगणात शेगडी मांडली. कडं तेलात सोडलं. तापलं की नाही पाहायला मी मोहरी टाकली, ती तडतडली. त्याने भुवया उंचावल्या. मी त्याला हातानेच थांब म्हटलं, कारण वड्यांना लागतं त्याहून जास्त तापायला हवं होतं. तेलावर धूर दिसायला लागल्यावर त्याने सांडशीने कडं उचललं आणि एका दमात शाफ्टवर सरकवलं. ते सर्रकन जाऊन बेअरिंगला टेकलं आणि थंड होता होता असं आवळलं की पुन्हा हलणार नाही. अंगणभर तळणाचा वास सुटला होता. ती कढई मी नंतर घासून पुन्हा वापरायला घेतली.

नवं सील, ग्रीस, शाफ्ट आत, ड्रम, चाक. दुपारी आम्ही पुन्हा पुलापलीकडे गेलो. तो मागे काठी दातांत धरून बसला. चाळीस, पन्नास, साठ. डावीकडे, उजवीकडे. बऱ्याच वेळाने त्याने काठी काढली आणि हात हलवून दाखवला: काही नाही. मी त्याला रेवदंड्याला त्याच्या दारात सोडलं. कोळीण बाहेर आली, तिने मला चहा पाजला, दोघं अंगणात उभं राहून काहीतरी खुणांनी भांडत होती आणि हसत होती. मग मी निघाले.

गाडी इतकी गुपचूप चालत होती की मला स्वतःचं बोलणं लख्ख ऐकू येत होतं. "आता काय," मी म्हणत होते. "आता तुला काय सबब उरली?" चार वाजून गेले होते. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि भाचीला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून ती घाबरलीच.

"आत्या? काय झालं?"

"गाडी झाली दुरुस्त."

"अरे वा! आणि आवाज?"

"आवाज नाही. गाडीचं जाऊ दे. मला इथे करमत नाही गं."

"काय म्हणालीस?"

"मला इथे एकटीला करमत नाही. तू विचारायला लागलीस त्याच्याही आधीपासून. मी खोटं बोलत होते."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "सासूबाईंना आणलंय गं मागच्या आठवड्यात. त्या पडल्या, आता एकट्या राहू शकत नाहीत. तू म्हणालीस ना, बेअरिंग आहे, शब्द म्हणजे शब्द... म्हणून ती खोली मी त्यांना दिली."

"बरं केलंस," मी म्हणाले. "पूर्वेची खिडकी आहे, त्यांना ऊन मिळेल." हे मी मनापासून म्हणाले की सवयीने, मला ठाऊक नाही.

"दोन वर्षं मी विचारत होते. एकदा तरी का नाही बोललीस?"

बत्तीस वर्षं मुलांना उत्तर आलं नाही की मी छडी आपटली, आणि आता मी समोरच्या काचेवरची धूळ पुसत बसले. समोरून एसटी गेली. पलीकडे भाची रडायला लागली होती, तोंडावर हात ठेवून, सासूबाईंना ऐकू जाऊ नये अशी. मी तिला गप्प हो म्हटलं नाही. माझ्यासाठी कुणीतरी रडत होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.